कस्तुरीनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा

समरजितनं तिसऱ्यांदा खुर्ची हलवली तेव्हा शानभाग मॅडमनी हातातलं कानाचं मशीन परत डबीत ठेवलं.

"इंगवले, हा दवाखाना आहे," त्या म्हणाल्या. "मला त्या मुलीच्या समोर तिची आई हवी. आवाज कुठून आला, ते तिला दिसायला पाहिजे."

"मॅडम, आई समोर बसली की कॅमेऱ्यात आईची पाठ येते," समरजित आदबीनं म्हणाला. "पाठ कोण बघणार?"

त्यानं आईला दंडाला धरून खुर्चीच्या मागे उभं केलं. त्याच्याही मागे, भिंतीवर, मशीन दान करणाऱ्या सराफाचा फलक होता. मुलगी खुर्चीत. समोर, हातभर अंतरावर, कॅमेरा घेऊन मी.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आता एका शाळेत ग्रंथपाल आहे. तेव्हा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात समरजित इंगवलेच्या 'ओंजळ' नावाच्या पेजसाठी काम करत होते. माणुसकीच्या गोष्टी, असं आम्ही म्हणायचो. समरजित काही गुंड-मवाली नव्हता. गोड बोलायचा, म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडायचा, वाचायचा खूप. ऑफिसात त्यानं एक पांढरा फळा लावला होता. लोक कशाला थांबतात आणि काय पुढे पाठवतात, ते त्यावर लिहिलेलं असायचं. पहिल्या तीन सेकंदांत चेहरा. चेहऱ्यावर बदल. बदल शब्दांशिवाय कळला पाहिजे. शेवटी मन भरून आलं पाहिजे, पण डोकं चालायला लागायच्या आत संपलं पाहिजे.

"लोक आपली गोष्ट पुढे पाठवत नाहीत, केतकी," तो म्हणायचा. "ते स्वतःचा चांगुलपणा पुढे पाठवतात. आपण फक्त पाकीट पुरवतो."

मला ते फार पटायचं. मी त्यात तरबेज होते. माणसाला रडवायची माझी स्वतःची एक रीत होती. 'त्यांची आठवण येते का?' एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. मनात आकडे मोजायचे. सातापर्यंत जावंच लागत नाही. पाचाच्या आत माणूस फुटतं. ही रीत मी फळ्यावरसुद्धा लिहिली होती, आणि खाली माझं नाव.

त्या दिवशीची मुलगी इचलकरंजीची. कस्तुरी हावळ, वय सहा. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बाप यंत्रमागावर कामाला, घर मागाच्या शेडला चिकटून. आई वैजयंता, सत्तावीस-अठ्ठावीसची, सडपातळ, बोलकी. पोरीला ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही दिवसभर तिच्याशी बोलत असायची. दवाखान्यात येताना गाडीत तिनं मला सांगितलं होतं, "भिंतीला हात लावला की तिला कळतंय बघा, माग चालू हाय का बंद. माग थांबलं की पळत बाला हुडकत जाती. बा जेवायला येनार, म्हनून."

समरजितला तिचं नाव पसंत नव्हतं. "कस्तुरी ऐकून काय होतं? काहीच नाही. श्रुती म्हणू. ऐकण्याची गोष्ट आहे ना! नावातच निम्मं काम होतं."

"पण तिचं नाव..."

"तिला कुठं ऐकू येतंय?" तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. मीही हसले. ते मला स्वच्छ आठवतं.

वैजयंताला एक वाक्य पाठ करायला दिलं होतं. मॅडमनी मान हलवली की म्हणायचं, 'बाळा, मी तुझी आई.'

"असं कोन म्हनतं व आपल्या पोरीला?" ती म्हणाली. "मी तिला कस्तुरे म्हनतो."

"तुम्ही रोज म्हणता हो ताई. पण बघणाऱ्याला कळायला नको का?" समरजित म्हणाला. "आणि इकडे बघायचं, कॅमेऱ्याकडे. पोरीकडे बघू नका. तुमचे डोळे दिसले पाहिजेत."

मॅडमनी कस्तुरीच्या कानात तिच्या मापाचा साचा बसवला, मशीन कानामागे अडकवलं आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून एकदा हसल्या. कस्तुरीही हसली. तिच्या पुढच्या दोन दातांच्या जागी खिडकी होती. मॅडमनी मशीन चालू केलं आणि मान हलवली.

वैजयंता वाक्य विसरली. तिच्या तोंडून आलं, "कस्तुरे."

पुढचं सगळं एका श्वासाइतकं. मुलीचं डोकं झटक्यात फिरलं आणि चौकटीबाहेर गेलं. मी तिला पुन्हा चौकटीत आणायला धडपडले. पडद्यावर चेहरा धरणारा छोटा पिवळा चौकोन असतो, तो कधी खुर्चीच्या पाठीवर, कधी सराफाच्या फलकावर उड्या मारत होता. तेवढ्यात समरजितनं खूण केली आणि दाराशी उभ्या असलेल्या सराफाच्या दोन माणसांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ठरलेलंच होतं ते. कस्तुरी किंचाळली. कानावर हात मारून तिनं मशीन खाली पाडलं आणि खुर्चीत अंगाचं मुटकुळं करून रडायला लागली.

"टाळ्या कुणी वाजवल्या?" शानभाग मॅडम ओरडल्या. "जन्मात पहिल्यांदा ऐकतेय ती! पहिल्यांदा!"

वैजयंतानं पोरीला उचलून छातीशी धरलं. कस्तुरीचं तोंड तिच्या खांद्यात.

समरजितनं माझ्या पडद्यावर वाकून पाहिलं. "काही नाही मिळालं," तो पुटपुटला. "अर्धा कान आणि खुर्ची. फलकसुद्धा तिरका."

"झालं ते झालं," मॅडम म्हणाल्या. "आज घरी न्या तिला. उद्या एकटीला आणा, शांतपणे सुरू करू."

"मॅडम, एकदाच."

"मशीन चालू ठेवून पुन्हा या गर्दीत मी तिला बसवणार नाही. कानाला हात लावू देणार नाही ती परत." बाहेर दुसरा पेशंट थांबला होता. त्या गेल्या, आणि दार मुद्दाम उघडं ठेवून गेल्या.

समरजित वैजयंताजवळ गेला. खाली बसला, चक्क फरशीवर, आणि खालून वर बघत बोलला. "ताई, शेठजींच्या मनात अजून पंधरा पोरांना मशीन द्यायचंय. पण त्यांना दिसलं पाहिजे ना, की लोकांना हे आवडतंय. तुमच्या कस्तुरीमुळं पंधरा पोरं ऐकायला लागतील. नाही तर... बघा, जबरदस्ती नाही."

ती पोरीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "करा की. बाकीच्या लेकरांचं भलं हुईत असंल तर करा. पर ती रडायची न्हाई असं काय तर करा."

समरजित माझ्याकडे वळला. "मशीन बंद ठेव."

"म्हणजे?"

"बंद ठेवून कानात घाल. चालू असलं की रडते ना? तिला ऐकू यायची गरज नाही, केतकी. ऐकू आलंय असं दिसायची गरज आहे."

बॅटरीचं इवलंसं झाकण असतं. ते उघडलं की मशीन बंद. नखानं मीच ते उघडलं.

मग मी कस्तुरीसमोर बसले आणि तिला शिकवलं. आधी डोळे मोठे. मग एक हात तोंडावर, असा. मग हळूहळू हसायचं. मग मान वळवून आईकडे. एकदा करून दाखवलं, दोनदा दाखवलं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. माणसांचे चेहरे वाचत वाचतच ती सहा वर्षांची झाली होती, तिला काय अवघड? दुसऱ्या वेळी थोडं चुकलं, हसू लवकर आलं. मी मान हलवली, बोट वर केलं, थांब. तिसऱ्या वेळी असं जमलं, की माझ्या अंगावर काटा आला. खरोखर आला. बंद मशीन कानात घालून ती मुलगी आईचा आवाज पहिल्यांदा ऐकत होती, आणि मागे तिची आई कॅमेऱ्याकडे बघत घडाघडा म्हणत होती, "बाळा, मी तुझी आई."

मी तिला चॉकलेट दिलं.

ऑफिसात आल्यावर मी तो तुकडा कापला, खाली बासरी घातली, वर अक्षरं टाकली. दुसऱ्या दिवशीच्या कामाला कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं हवं होतं. पहिला रडण्याचा आणि दुसरा चुकलेला, दोन्ही फुटकळ तुकडे मी पुसून टाकले. दोनदा विचारतं ते यंत्र, नक्की पुसायचं का म्हणून. दोनदा मी हो म्हटलं.

'श्रुतीनं पहिल्यांदा आईचा आवाज ऐकला. शेवटपर्यंत बघा.' चार दिवसांत चाळीस लाख लोकांनी बघितलं. कुणीतरी लिहिलं, देव कुठं असतो तर इथं असतो. कुणी लिहिलं, ज्यानं डोळे पुसले नाहीत तो माणूस नाही. माझी आई साताऱ्याला असते. तिनं तोच व्हिडिओ मला पाठवला. 'केतकी, बघ गं. तुमच्या त्या भलत्यासलत्या कामापेक्षा असं काहीतरी कर.' तिला ठाऊकच नव्हतं तो आमचा आहे म्हणून. मी तिला सांगितलं. ती फोनवर रडली. म्हणाली, माझ्या पोरीनं पुण्य केलं.

दीड महिन्यानं वैजयंताचा फोन आला.

"ताई, कामात हाय का? येक विचारायचं हुतं." मागे माग खडखडत होते, ती ओरडून बोलत होती. "त्यो पयला हाय का तुमच्याकडं? पयल्यांदा काढलेला?"

"कुठला?"

"आता लोक बघत्यात त्यो न्हवं. त्यात तर मशीन बंदच हुतं की. त्येच्या आधी तिनं खरं ऐकलं न्हवं का. मी कस्तुरे म्हनलो आन् तिनं ऐकलं. त्यो."

"त्यात ती रडलीय हो. नीट नाही आला तो."

"रडू दे की. समद्यांनी बघितलं, ताई. तुमी बघितलं, डाक्टरीणबाईनी बघितलं, त्यो सराफाचा मानूस बी हुता. मीच न्हाई बघितलं. मला तिकडं कॅमेऱ्यात बघायला लावलं हुतं. पोरीनं पयल्यांदा माझा आवाज ऐकला तवा तिचं तोंड कसं झालं, ते मला ठावंच न्हाई."

मी म्हटलं, शोधते.

दोन दिवस मी शोधलं. पुसलेलं परत आणायच्या युक्त्या असतात, त्या सगळ्या केल्या. पण त्या कार्डावर तोवर कुणाचे वाढदिवस, कुणाच्या पादुका, एका कुत्र्याचं पिल्लू, असं दीड महिन्याचं काय काय भरून निघून गेलं होतं. शेवटी मी समरजितला जाऊन सांगितलं. सगळं सांगितलं, ती काय म्हणाली ते जसंच्या तसं.

तो उठून खिडकीशी गेला. खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, याला लागलं. मला बरंसुद्धा वाटलं.

"हे तू कुणाला बोलली नाहीस ना?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग हाच दुसरा भाग." तो वळला. त्याचे डोळे चमकत होते. "अगं, आईनंच तो क्षण बघितलेला नाही! चाळीस लाख लोकांनी बघितला आणि आईनं नाही! टॅब घेऊन जा. तिच्या हातात दे, आपला व्हिडिओ लाव, आणि तिचा चेहरा घे. फक्त चेहरा. ती बघतेय, बघतेय... आणि बघ काय होतं ते."

"समरजित, तिला माहितेय तो खोटा आहे. मशीन बंद होतं, हे तिला माहितेय."

"म्हणून तर रडेल," तो म्हणाला. "आणि रडेल ते खरं असेल ना?"

मी नाही म्हणाले नाही. हे मी लपवत नाही. मी कॅमेरा आणि टॅब पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला गेले. वाटेत स्वतःला सांगत होते, तिथं गेल्यावर बघू.

दारात कस्तुरी उभी होती. कानात मशीन नव्हतं. मागांच्या खडखडाटात ते घातलं की तिला सोसत नसे, म्हणून आई ते डबीत ठेवी आणि माग थांबले की घाली. तिनं मला ओळखलं. डोळे मोठे झाले. एक हात तोंडावर गेला. मग हळूहळू हसू. मग मान वळवून आत, आईकडे. थेट तसंच, जराही न चुकता. करून झाल्यावर तिनं माझ्यापुढे हात पसरला, चॉकलेटसाठी.

"कोन पावनं आलं की करती," आतून वैजयंता हसत आली. "गल्लीतली पोरं बी करायला लावत्यात तिला. परवा बाजारात येकीनं फोटोच काढला. ही व्हिडिओतली श्रुती न्हवं का, म्हनाली."

माझ्याकडे चॉकलेट नव्हतं. मी तिचा पसरलेला हात हातात घेतला. तिनं तो सोडवून घेतला आणि माझी पिशवी चाचपायला लागली.

वैजयंतानं चहा टाकला. शानभाग मॅडमकडे दर गुरुवारी नेते, म्हणाली. कुकरची शिट्टी ओळखते आता. कावळा ओळखते. 'कस्तुरे' म्हटलं की वळते, दहांत सहा वेळा तरी. हे सगळं सांगताना ती इतकी उजळली होती, की मला वाटलं, विसरली असेल ते. जेवणाच्या सुट्टीला माग थांबले. अचानक इतकी शांतता झाली, की स्टोव्हचा आवाज मोठा वाटला. तिनं कस्तुरीला जवळ ओढून मशीन कानाला लावलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"घावला का?"

"नाही. कार्ड खराब झालं," मी म्हणाले. पुसला, असं म्हणवेना.

ती खाली बघत राहिली. चहा उतू चालला होता, तो मी उतरवला.

"मग तुमीच सांगा की," ती म्हणाली. "तुमी तर तिच्या म्होरंच हुतासा. तुमच्याएवढं जवळ कोनच न्हवतं. कसं झालं हुतं तिचं तोंड?"

मी आठवायला लागले. मनापासून आठवायला लागले. पिवळा चौकोन आठवला. तिरका फलक आठवला. खुर्चीच्या पाठीवरची रेक्झिनची चीर आठवली. पण त्या चेहऱ्याच्या जागी येत होता तो एकच चेहरा, मोठे डोळे, तोंडावर हात, मी शिकवलेला. हातभर अंतरावर बसून मी तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. मी पडद्याकडे बघत होते, आणि पडद्यात ती नव्हती.

हे तिला सांगायचं होतं. तेवढ्याचसाठी आले असते तरी चाललं असतं. मी तोंड उघडलं.

"आधी ती एकदम गप्प झाली," मी म्हणाले.

वैजयंता जवळ सरकली.

"म्हणजे अंगातलं सगळं थांबलं तिचं. मग डोळे वर गेले, पंख्याकडे. तिला वाटलं असेल, आवाज तिथनं आला. मग खिडकीकडे बघितलं. शोधत होती." मी थांबले. किती थांबायचं ते मला ठाऊक होतं. "आणि मग, वैजयंताताई, तिचा हात मागे गेला. न बघता. तुमचा पदर हुडकत."

तिचा स्वतःचा हात पदराकडे गेला.

"व्हय!" ती ओरडली. "व्हय व्हय! वढला हुता तिनं! मला जानवलं हुतं की, पदर वढला ती!"

आणि ती रडायला लागली. मोकळी, हसत, पोरीला गच्च आवळून. कस्तुरी तिच्या काखेतून माझ्या ओठांकडे बघत होती. मी पिशवीला हात लावला नाही. त्याच आठवड्यात मी समरजितचं काम सोडलं, ती आई घरी भेटलीच नाही असं त्याला सांगून. पण ते पुढचं.

वैजयंतानं डोळे पुसले आणि तिथल्या तिथं जयसिंगपूरला बहिणीला फोन लावला. "आक्के, ऐक. त्या व्हिडिओवाल्या ताई आल्यात. तिनं पयल्यांदा ऐकलं न्हवं का, तवा काय केलं ठावं हाय का? आगं, वर पंख्याकडं बघितलं आन् रडत रडत माझा पदर..." तिला पुढे सांगता येईना. तिनं फोन माझ्या कानाला लावला.

"तुमीच सांगा. तुमी बघितलासा न्हवं. पयल्यापासनं सांगा तिला."

पलीकडून बहीण म्हणाली, "हं, सांगा ताई."

मी पहिल्यापासून सांगितलं. या खेपेला खिडकी गाळली, त्यानं गोष्ट लांबत होती. पंखा ठेवला. आणि पदराचं अगदी शेवटपर्यंत राखून ठेवलं.